दुसरा लाल पट्टा

हे ऐकीव नाही. मी तिथे होते. पटलं तर पटलं, नाही तर सोडून द्या. पण ज्यांच्या बाबतीत हे घडलं ती माणसं आजही गिल्गिलमध्ये, आमच्यापासून चार घरं सोडून राहतात.

जुलै महिना. रविवारची सकाळ. एल्मेंटेटा तळं.

माझी मोठी बहीण गथोनी. तिचा नवरा म्वानिकी, म्हणजे माझे दाजी. ते लग्नाचे फोटो काढायचे. मग त्यांना नवीनच वेड लागलं. फोटो काढताना कॅमेरा मुद्दाम हलवायचा. डोंगर, पाणी, झाडं... सगळं ओल्या रंगासारखं फरफटत जायचं. वाटायचं, कुणीतरी ब्रश फिरवलाय.

फोटो सुंदर यायचे. खोटं कशाला बोलू?

पण त्या करड्या पाण्यात त्यांना एक लाल पट्टा हवा असायचा.

तो पट्टा म्हणजे माझी ताई.

लाल लेसोचं सुती कापड अंगाभोवती गुंडाळून ती तासन् तास पाण्यात उभी राहायची. तळ्याचं पाणी सोड्याचं, कातडी भाजणारं. तिचे पाय फाटले होते. भेगांतून रक्त यायचं.

"दाजी, आज राहू द्या. तिला चप्पलसुद्धा घालवत नाही," मी म्हणाले.

"फोटोत पाय कुठे दिसतात?" दाजी हसले. "तोंडही दिसत नाही, म्हणून तर फोटो बरे येतात. काय गं गथोनी?"

ताईही हसली. ती नेहमीच हसायची.

धुकं दाट होतं. ताई आत गेली. गुडघाभर पाण्यात एक लाल ठिपका...

आणि मग माझ्या लक्षात आलं.

पक्ष्यांचा आवाज नव्हता.

तिथे हजारो फ्लेमिंगो असतात. कान किटतात. त्या सकाळी एकही नव्हता.

दाजींनी फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितला.

फोटोत दोन लाल पट्टे होते.

"कॅमेरा हलला की एकाचे दोन दिसतात," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा एक फोटो काढला. या वेळी कॅमेरा अजिबात हलवला नाही.

तरीही दोन.

दुसरा आता ताईला अगदी चिकटून...

"दाजी, तिला बोलवा!"

"वेडी का काय? एकापेक्षा दोन झकास दिसतायत!" मग तोंडाभोवती हात धरून ते ओरडले, "गथोनी! अजून आत जा!"

धुक्यातून ताईचा आवाज आला.

"म्वानिकी... इथे कुणीतरी आहे. माझा हात धरलाय."

"मग घट्ट धर म्हणावं! पडलीस तर फोटो वाया जाईल!"

स्वतःच्याच विनोदावर ते पोट धरून हसले.

तेवढ्यात वारा आला. धुकं जरा विरळ झालं.

पाण्यात दोघी उभ्या होत्या.

दोघींच्या अंगावर लाल लेसो. दोघींची उंची एक.

दाजींनी कॅमेरा खाली केला. "गथोनी... बाहेर ये."

एक चालू लागली.

दुसरी जागची हलली नाही.

काठावर आली ती ताईच होती. तेच डोळे, हनुवटीवरचा तोच व्रण. मी खाली तिच्या पायांकडे बघितलं...

पाय गुळगुळीत होते. एक भेग नव्हती.

आणि कोरडे होते.

"न्जांबी!"

हाक पाण्यातून आली. माझ्या नावाची.

"न्जांबी, मी इकडे आहे गं! मला सोडून जाऊ नका!"

मी पाण्यात धावले. दाजींनी मागून माझ्या वेण्या धरून मला ओढलं.

"ती ही काय इथे उभी आहे! डोळे फुटले का तुझे?"

मला गाडीत ढकलून त्यांनी दार लावलं. गाडी सुरू होईपर्यंत मला ऐकू येत होतं...

"माझे पाय भाजतायत गं..."

माझ्या शेजारी बसलेल्या बाईने एकदाही मागे वळून बघितलं नाही.

दुपारी मी दोन गुराख्यांना घेऊन परत गेले. सगळा काठ धुंडाळला. पाणी कुठेच कमरेच्या वर नव्हतं. कुणीही सापडलं नाही. फ्लेमिंगो मात्र परत आले होते. आरामात चरत होते.

याला आता तीन वर्षं झाली. ती स्वयंपाक करते, धुणं धुते, चर्चला जाते. कधी भांडत नाही. कधी हसतही नाही. दाजी रात्री स्वयंपाकघरात आतून कडी लावून झोपतात.

गेल्या महिन्यात धीर करून मी आईला सगळं सांगितलं. ती गिथेरीच्या उसळीसाठी मक्याचे दाणे सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," आई म्हणाली. "माझं लेकरू मला कळणार नाही?"

"मग तू गप्प का बसलीस?"

"काय करू? हिला हाकललं तर ती परत येणार आहे का? जी घरी आली, तिलाच वाढायचं."

मी रडायला लागले. आईने माझा हात घट्ट दाबला.

"हळू," ती पुटपुटली. "मघापासून दारात उभी आहे."

त्या दिवसापासून मी आईकडे जाते, पण दाराकडे पाठ करून बसत नाही.