डिस्क कुणी उलटवली?

संध्याकाळी पाचला बहीण चहा घेऊन भावाच्या खोलीत गेली आणि कप तिच्या हातातून पडला. भाऊ जमिनीवर निपचित पडला होता, डोकं लोखंडी टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलेलं. टेबलावर त्याचा पस्तीस वर्षं जुना घरगुती कॉम्प्युटर चालूच होता. पडदा काळा.

इन्स्पेक्टरबाई अर्ध्या तासात आल्या. बाई तोंडाने फटकळ, पण नजरेतून काही सुटत नसे. केराच्या टोपलीत नव्या फ्लॉपी डिस्कचं फाडलेलं पाकीट होतं. ड्राइव्हमधली डिस्क उलटी होती, लेबल खाली.

"हे काय खूळ?"

"डेमो म्हणतात त्याला," बहीण म्हणाली. "एवढ्याशा मेमरीत चित्रं आणि गाणी नाचवायची. उद्या स्पर्धा होती. सकाळीच त्याने नवी डिस्क फोडून डेमो भरला. कुणाला हात लावू देत नव्हता."

"दुपारी काय ऐकलंत?"

"मी पलीकडच्या खोलीत इस्त्री करत होते. चारला गाणं सुरू झालं, चांगलं मोठ्यांदा. मध्येच धप्पकन काहीतरी पडलं. उठणारच होते, तेवढ्यात गाणं संपलं आणि मिनिटाभरात दुसरं लागलं. म्हटलं, बरा आहे."

"घरात आणखी कोण?"

तिचा चेहरा उतरला. "आमचे हे. मागे झोपले होते."

या खोलीवरून मेहुण्या-मेहुण्यांचं हाडवैर. 'एक दिवस तुझा डबा भंगारात घालीन,' असं नवऱ्याने चारचौघांत सुनावलेलं. बाईंच्या हवालदाराने तर मनात त्याला बेड्या घालूनही टाकल्या होत्या.

"भाऊ तर गेलाच, बाई," बहीण म्हणाली. "आता नवरा नेऊ नका."

भावाच्या डेमोंना संगीत देणारा मित्रही दुपारी आला होता. सगळे त्याला बीपर म्हणत.

"कधी आलात?"

"तीनला. साडेतीनला मागच्या जिन्याने गेलो. डेमो बघायलाच मिळाला नाही. डिस्क दुरूनच दाखवली त्याने."

बाईंनी सगळ्यांच्या बोटांचे ठसे घेतले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिघांना त्याच खोलीत बोलावलं आणि ठसे उचलून झालेली डिस्क लावली. सहा मिनिटांनी गाणं थांबलं. पडद्यावर अक्षरं आली: डिस्क उलटी घाला. पुढे काहीच होईना.

"करा पुढे," बाई नवऱ्याला म्हणाल्या.

त्याने दोन-चार बटणं दाबून पाहिली. "बंद कुठून करतात ते सांगा. तेवढं जमेल."

"तेच म्हणते मी. ताई, पडल्याचा आवाज आला तेव्हा पहिला भाग चालू होता. डॉक्टर म्हणतात, डोकं आपटल्यावर तुमचा भाऊ जागचा हलला नाही. मग दुसरं गाणं लागलं कसं? ही डिस्क आपोआप उलटत नाही. तुमच्या यजमानांनी प्लग उपटला असता. डिस्क उलटवली ती पुढचा भाग बघितल्याशिवाय ज्याला राहवेना, त्याने. काल सकाळी फोडलेल्या डिस्कवर दोघांचेच ठसे आहेत. एक भावाचे. दुसरे तुमचे, बीपर. दुरून उमटले का?"

बीपर मटकन खुर्चीत बसला.

"वीस वर्षं डेमोच्या सुरुवातीला आम्हा दोघांची नावं यायची. काल त्याचं एकट्याचंच आलं. डोकं फिरलं माझं. ढकललं मी त्याला. इतक्यात पहिला भाग संपला. वाटलं, निदान शेवटी तरी माझं नाव असेल."

बाईंनी डिस्क उलटी घातली. दुसरा भाग अकरा मिनिटं चालला. शेवटी पडदाभर बीपरचंच नाव आलं आणि खाली एक ओळ: 'हा नसता, तर हा डबा मी कधीच माळ्यावर टाकला असता.' मग पडदा काळा झाला.

"हे वाचलंत तेव्हा तो जिवंत होता?" बाई म्हणाल्या.

"श्वास चालू होता."

"मी भिंतीपलीकडेच होते रे," बहीण म्हणाली. "नुसती हाक मारायचीस."

"तुम्ही धावत आला असता, ताई. तो शुद्धीवर आला असता." बीपर खाली बघत होता. "मग त्याला तोंड कसं दाखवलं असतं मी?"

बहिणीला तिच्या नवऱ्याने धरून खाली बसवलं.