नांदी झाली होती

सकाळी पावणेसहाला तुळजाजींचा श्वास थांबला, आणि त्यांच्या पत्नीनं, चंद्रमतीबाईंनी, पहिली गोष्ट केली ती ही, की उठून रस्त्याकडची खिडकी लावून घेतली.

रडायचं नव्हतं! घरातले बाकी सगळे रात्रीच मांडवात मुक्कामाला गेले होते, पण भिंतीपलीकडे शेजारच्या भामाबाई जाग्या होत्या, आणि त्यांना कळलं म्हणजे अर्ध्या तंजावरला कळलं. आज धाकट्या दिरांच्या, रघुपतींच्या मुलीचं, हरिणीचं लग्न होतं. नऊ वीसचा मुहूर्त. आणि चारच दिवसांनी नवरा मुलगा कंप्यूटरच्या नोकरीवर अमेरिकेला निघायचा होता. सख्खा चुलता गेला म्हणजे घराला दहा दिवसांचं सुतक. तीन वर्षांपूर्वी हरिणीचं ठरलेलं लग्न असंच, आठवडाभर आधी चंद्रमतीबाईंच्या सासूबाई गेल्या म्हणून पुढं ढकललं, आणि ढकललेलं ते मोडूनच गेलं... मग पोरीच्या पायगुणाबद्दल पार कुंभकोणमपर्यंत लोक बोलले. चंद्रमतीबाईंना पोटचं मूल नव्हतं. हरिणी त्यांच्याच मांडीवर वाढलेली.

गेला महिनाभर घरातल्या प्रत्येकाची काळजी त्यांनीच उतरवली होती. करंट गेला तर? जनरेटर सांगितलाय. स्वयंपाकी पापनाशमहून वेळेवर आला नाही तर? आदल्या दिवशीच आणून ठेवू. व्याही तापट आहेत म्हणतात... पहिल्या दाट डिकॉक्शनची कॉफी त्यांनाच देऊ! एकच काळजी होती जी उतरत नव्हती. ती धाकट्या जाऊबाईंची, राजमची. लग्नाच्याच दिवशी भावोजींना काही झालं तर? दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाबद्दल तिनं हे तोंडावर विचारलं होतं, आणि होणार नाही म्हणून चंद्रमतीबाईंनी तिला वचन दिलं होतं. दुसरं काय देणार बिचाऱ्या!

त्यांनी पतीच्या तोंडात कावेरीचं पाणी घातलं, तुळशीचं पान ठेवलं, पापण्या मिटवल्या. उशाशी दिवा लावायला हवा होता, पण बंद घरात पेटता दिवा ठेवून जायचं धाडस होईना.

"चार तास थांबा," त्या कानाशी वाकून म्हणाल्या. "आजवर काही मागितलं नाही तुमच्याकडं."

मग त्या न्हाल्या, रेशमी नऊवारी नेसल्या, आरशासमोर उभ्या राहून कपाळावर कुंकू लावलं... जे आता त्यांचं नव्हतं! भामाबाईंना सांगितलं, ते आत्ताच झोपलेत, उठवू नका. आणि दाराला कुलूप घातलं.

मांडवात सनईसारखं नागस्वरम वाजू लागलं होतं. उशीर झाला म्हणून राजम धुसफुसली, चेहरा असा काय म्हणून तिनं दोनदा विचारलं. चंद्रमतीबाई सुपाऱ्या मोजत राहिल्या, व्याह्यांची कॉफी पाठवत राहिल्या. इथवर सगळं निभलं. पण ओटी भरायची वेळ आली तेव्हा हरिणीनं हट्टच धरला, पहिली ओटी मोठ्या आईनं भरायची. सगळ्या बायका वळून बघू लागल्या. चंद्रमतीबाईंचे हात तांदळापर्यंत गेले आणि थांबले. विधवेच्या हातची ओटी, आणि ती या पोरीला? छे, छे! त्या मागं सरल्या.

हरिणीचे डोळे भरले. राजम जवळ आली, आणि हळू पण धारदार आवाजात म्हणाली, "तुम्हाला मूल नाही म्हणून माझ्या लेकीची ओटी भरवत नाही होय, अक्का? इतकी वर्षं मनात होतं हे?"

चंद्रमतीबाईंनी मान खाली घातली. एक शब्द बोलल्या असत्या तर सगळंच बोलून गेल्या असत्या.

अंतरपाट दूर झाला, मंगळसूत्र बांधलं गेलं, सप्तपदी झाली. सातवं पाऊल पडल्यावरच त्या रघुपतींना खांबाआड घेऊन गेल्या आणि सांगितलं. रघुपतींनी राजमला हाक मारली. राजम धावत आली, तिच्यामागून भरद्वाज भटजी आले.

"अम्मा, मज का विचारला नाहीत?" सगळं ऐकून भटजी म्हणाले. "काल नांदीश्राद्ध झालं, देवक बसलं. त्यानंतर सुतक लग्नाला आडवं येत नाही. तुमच्या सासूबाई नांदीच्या आधी गेल्या होत्या म्हणून तेव्हा थांबावं लागलं. आज लग्न झालंच असतं."

विचारलं असतं तर कळलं असतं! पण विचारणं म्हणजेच सांगणं, या भीतीनं त्या माउलीनं ओठ शिवून घेतले होते.

"म्हणजे... मी त्यांच्याजवळ बसले असते तरी चाललं असतं?" चंद्रमतीबाई म्हणाल्या. आणि मग, सकाळपासून पहिल्यांदा, त्या रडल्या.

राजमनं त्यांना कवेत घेतलं. जे बोलायचं नव्हतं ते ती मघाशी बोलून बसली होती. तिनं त्यांचा हात धरला आणि दाराकडं निघाली.

"तू येऊ नको," चंद्रमतीबाई म्हणाल्या. "देवक उठलं नाही अजून. नवरीची आई तू."

"नवरीच्या आई तुम्ही," राजम म्हणाली. "मी भावोजींपाशी बसते. तुम्ही आधी तिची ओटी भरून या. ती अजून रिकामीच आहे, अक्का. तुमच्यासाठी तिनं कुणालाच भरू दिली नाही."