हिरवळीत संपणारी वाट

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी डोळ्यांनी जे पाहिलं आणि माझ्या सख्ख्या बहिणीनं जे सांगितलं, तेवढंच लिहिणार आहे. पदरचं काही घालणार नाही.

आणि भुताची गोष्ट म्हटली की लोक रात्र धरून बसतात. यात रात्र नाही. हे घडलं भर दुपारी, लख्ख उन्हात, शहरातल्या एका सार्वजनिक बागेत.

माझी ताई शहराच्या उद्यान विभागात वरिष्ठ नियोजक आहे. बाग कुठं करायची, फाटक कुठल्या बाजूला, मुलं कुठं खेळणार, म्हातारी माणसं कुठं टेकणार... हे सगळं आधी तिच्या डोक्यात, मग नकाशावर, मग जमिनीवर. भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, तिची यावरून भारी चेष्टा करायचे. म्हणायचे, "हिला स्वर्गात नेलं तरी आधी विचारेल, इथं दुपारची सावली कुठं पडते?"

तिची एक पद्धत होती. नव्या बागेत ती पायवाटा लगेच बांधायची नाही. नुसती हिरवळ लावायची, फाटक उघडायची आणि काही महिने गप्प बसायची. "माणसं आपली वाट आपणच पाडतात," ती म्हणायची. "आपण फक्त ती बघायची आणि तिथं फरशी टाकायची. उलटं केलं की फरशी एकीकडे, माणसं दुसरीकडे."

शहराच्या कडेला खात्याची एक जुनी रोपवाटिका होती. तिची बाग करायचं काम ताईकडे आलं. सपाट, मोकळी जमीन. ताईनं हिरवळ लावली, पुढचं फाटक उघडलं आणि वाट बघायला लागली. अगदी शब्दशः.

वाटा पडल्या. एक फाटकापासून पाण्याच्या नळाकडे. एक मोठ्या झाडाखालच्या बाकाकडे. लोक जातात तशाच.

एका संध्याकाळी मी तिच्याकडे गेले होते. ती स्वयंपाकघरात चहाचा कप पुढ्यात घेऊन बसली होती. चहावर साय धरली होती.

"छोटे, एक वाट मला कळत नाहीये."

"वाट ती वाट. त्यात कळायचं काय?"

"ती कुठंच जात नाही."

बागेला मागे एक फाटक होतं. ते अजून लोकांसाठी उघडलंच नव्हतं. कुलूप होतं. पण त्या बंद फाटकापासून एक वाट निघाली होती. चांगली रुळलेली, दोन माणसं शेजारी चालतील एवढी रुंद. सरळ हिरवळीत यायची...

आणि मध्येच संपायची.

तिथं झाड नाही, बाक नाही, काही नाही. नुसतं गवत.

"आणखी एक," ताई म्हणाली. "माणूस जातो तसा परतही येतो. गवत दोन्ही दिशांना लवतं. इथलं सगळं गवत एकाच दिशेला लवलंय. आत."

मी म्हटलं, "म्हणजे लोक येतात चालत आणि जातात उडत?"

ती हसली नाही.

तिनं पहारेकऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, तिकडे चिटपाखरू फिरकत नाही. तिनं तेवढा पट्टा उकरून नवी हिरवळ टाकली. काही दिवसांत वाट पुन्हा तिथंच. मग तिनं वाटेवर काटेरी झुडपांची रांग लावून घेतली.

झुडपांची एक फांदी मोडली नाही.

वाट त्यांना वळसा घालून गेली. गर्दीत खांब आला की लोक कसे बाजूनं जातात... तशी. आणि पुढे जाऊन पुन्हा सरळ झाली.

खात्याचे साहेब म्हणाले, "कुत्री असतील, मॅडम."

"दोन माणसांच्या रुंदीची?" ताई म्हणाली.

साहेबांना त्या जागेवर कारंजं हवं होतं. जागा आयतीच मोकळी आहे म्हणे. नकाशावर शेवटची सही ताईची व्हायची होती. सही करण्याआधी एकदा नीट बघून येते, म्हणून ती निघाली. मी शाळेत भूगोल शिकवते. त्या दिवशी मला सुट्टी होती. म्हणाली, "चल गं, सोबत."

आम्ही पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. बागेत कुणी नव्हतं. मी झाडाखालच्या बाकावर बसले. ताई मागच्या फाटकापाशी गेली आणि त्या वाटेवरून चालायला लागली. खांद्याला पिशवी, हातात मोजपट्टी.

मी तिच्याकडे बघत होते. नळ टपटपत होता. पलीकडच्या रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या. माझ्या डोक्यावर कुठलासा पक्षी सारखा किरकिरत होता.

मग पक्षी गप्प झाला.

मग नळ.

मग रस्ता... एवढा मोठा रस्ता, पण एक हॉर्न ऐकू येईना. माझ्या कानांना दडे बसलेत असं वाटून मी चुटकी वाजवली. चुटकी ऐकू आली.

ताई वाटेच्या मध्यावर थांबली. तिनं मागे वळून बघितलं. आणि पटकन बाजूला झाली.

आपण जिन्यात कुणाला वाट देतो ना? तशी. अंग चोरून. पिशवी खांद्यावरून काढून छातीशी धरली. कुणाला लागू नये म्हणून.

तिच्यासमोर कुणी नव्हतं.

ती हसली. मान हलवली. हातानं 'जा, जा पुढे' अशी खूण केली. थोडं थांबली. पुन्हा मान हलवली. एकदा तर वाकून कुणाशी तरी बोलली आणि वाटेच्या टोकाकडे बोट दाखवलं. मला शब्द ऐकू आले नाहीत.

मी हाक मारायला उठले.

आणि एकदम ताई मोठ्यानं म्हणाली, "अहो पेन्सिल! तुम्ही इथं कुठं?"

पेन्सिल म्हणजे तिच्या ऑफिसातला ड्राफ्ट्समन. उंच, काटकुळा, कानावर कायम पेन्सिल. सगळं खातं त्याला त्याच नावानं हाक मारतं, तोही ओ देतो. तिचे सगळे नकाशे तोच काढतो.

"अहो, तुम्हालाच म्हणतेय! थांबा की जरा!"

तिनं हात पुढे केला. कुणाची बाही धरावी तसा.

हात हवेत बंद झाला... आणि तसाच राहिला. मुठीत खरोखर काहीतरी असावं तसा.

मग नळ टपकला. रस्ता सुरू झाला.

ताई माझ्याकडे आली ती घाम पुसत. चेहरा अगदी नेहमीचा. "बाई बाई, काय गर्दी! आणि हा पेन्सिल बघ, हाक मारली तर ओळख नाही दाखवत. मापं घ्यायला पाठवलं असेल साहेबांनी..."

ती बोलता बोलता मागे वळली.

सगळी बाग रिकामी. मागच्या फाटकाला कुलूप.

"छोटे," ती म्हणाली. "तुला दिसले ना ते?"

मी मान हलवली, नाही म्हणून. तिला कळायचं ते कळलं. ती मटकन बाकावर बसली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ऑफिसातून होता. पेन्सिल टेबलावरच कोसळला होता. नकाशावर डोकं टेकून बसलाय म्हणून सगळ्यांना वाटलं, झोपलाय. शिपाई चहा द्यायला गेला तेव्हा श्वास चालत नव्हता. कुणीतरी छाती दाबली. आत्ता, इतक्यात, त्यानं डोळे उघडले होते.

तो वाचला. आम्ही दोघी त्याला दवाखान्यात भेटायला गेलो. नळ्यांच्या जाळ्यात पडला होता, पण स्वभाव जाईना. म्हणाला, "मॅडम, मेलो तरी तुम्ही काम लावायचं सोडणार नाही."

"का हो?" ताईनं विचारलं.

"नाही म्हणजे... स्वप्न असेल. मी खूप माणसांबरोबर चाललो होतो. पायाखाली मऊ गवत. बरं वाटत होतं, खरं सांगतो. कसली म्हणून काळजी नाही. आणि तुम्ही मध्येच बाही धरलीत. मागचे लोक खोळंबले, कुरकुरायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून निघालो रांगेतून बाहेर."

तो हसला. आम्ही दोघींनी हसल्यासारखं केलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ताई, जीव वाचवलास तू त्याचा."

ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली.

"आणि बाकीच्यांचं काय?"

मी दोन पायऱ्या उतरले होते, परत वर आले.

"मी बाजूला झाले, छोटे. सगळ्यांना वाट दिली. एक बाई होती... तरुण होती. गोंधळलेली. मला म्हणाली, 'इकडूनच ना हो?' आणि मी हो म्हटलं." ती आपल्या बोटाकडे बघत होती. "लोक विचारतात, मी सांगते. आयुष्यभर तेच केलंय. मी हो म्हटलं गं. शिवाय बोटानं वाट दाखवली."

मी तिचा हात धरून तिला जिना उतरवलं.

ताईनं कारंज्याच्या नकाशावर सही केली नाही. साहेबांनी कारण विचारलं. ती म्हणाली, "लोकांची वाट आहे ती." कुठले लोक, ते तिनं सांगितलं नाही. साहेब चिडले, आदळआपट झाली. पण तिचा शब्द आजवर खोटा पडला नव्हता. शेवटी तेवढा भाग तसाच मोकळा राहिला.

तेव्हापासून ताई रोज दुपारी तिथं जाते. ऑफिसात सांगते, पाहणी आहे. सुट्टीच्या दिवशी घरी सांगते, पाय मोकळे करून येते. बहुतेक वेळा काहीच दिसत नाही म्हणते. पण कधी कधी घरी येते ती घसा बसलेला घेऊन. हाका मारून मारून बसतो तसा. भाऊजी गुळण्यांना पाणी गरम करून देतात. विचारत काही नाहीत. त्यांनी चेष्टा करणंही सोडलंय.

एकदा मी म्हटलं, "किती जणांना अडवणार आहेस?"

"सगळे थांबत नाहीत," ती म्हणाली. "नाव माहीत असलं तर थांबतात. मला लोकांची नावं कुठं माहीत आहेत?"

हे एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते.

मध्यंतरी एका दुपारी मी शिक्षकांच्या खोलीत पेपर तपासत होते. ताईचा फोन आला. धापा टाकत होती.

"छोटे, कुठं आहेस?"

"शाळेत. पेपर तपासतेय. का गं?"

"बरी आहेस ना? बसली आहेस ना?"

"हो. झालंय काय?"

"माझ्याकडे बघ."

"ताई, फोनवरून कशी बघू?"

मग ती हळूच म्हणाली...

"तुला नाही म्हणत. तिला म्हणतेय."

माझ्या हातातलं लाल पेन खाली पडलं.

"तू बोलत राहा," ती म्हणाली. "काहीही बोल. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवते. तिला ऐकू जाऊ दे."

मी बोलत सुटले. काय बोलले ते आठवलं की आजही काटा येतो. एका मुलानं पेपरात नद्या डोंगरावर चढवल्या होत्या, ते सांगितलं. लहानपणी ताईनं माझी वेणी इतकी घट्ट घातली होती की डोळे मिटेनात, ते सांगितलं. शेजारच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी रडत होते आणि बोलत होते.

"बस," ताई म्हणाली. "थांबली."

फोन बंद झाला.

मी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. हृदय, रक्त, डोकं. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहात, चिंता सोडा. मी ते ताईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पण त्यानंतर तिची एक दुपार चुकली नाही. घरात लग्न होतं, तर मांडवातून उठून गेली. पाय मुरगळला, तर रिक्षानं गेली. शेवटी मी तिला कोपऱ्यात गाठलं.

"ताई, खरं सांग. त्या दिवशी मी थांबले ना?"

"थांबलीस."

"मग आता रोज कुणासाठी जातेस?"

तिनं माझा हात हातात घेतला. असा दाबला की हाडं दुखली.

"पेन्सिल थांबला आणि परत फिरला," ती म्हणाली. "तू नुसती थांबलीस. अजून तिथंच उभी आहेस. मी गेले, बोलले की माझ्याकडे बघतेस. उशीर झाला की... पुढे बघायला लागतेस."

मी यावर विश्वास ठेवते का? माहीत नाही. मी जेवते, शाळेत जाते, पोरांवर ओरडते. आरशात दिसते. आणखी काय पुरावा द्यायचा माणसानं?

आज सकाळी भाऊजींचा फोन आला. ताई तापानं फणफणलीय. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलंय, गाढ झोपलीय. "आज काही तिला घराबाहेर पडू देत नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, "बरं केलंत."

आता दुपार झाली आहे. मघाशी पुन्हा फोन केला. अजून उठलेली नाही.

घरात मी एकटीच आहे. म्हणून हे लिहायला बसले. लिहिता लिहिता प्रत्येक वाक्य मोठ्यानं म्हणतेय, बागेत उभ्या असलेल्या मला ऐकू जावं म्हणून. पाय गार पडलेत, पण ठीक आहे. शेजारच्या घरातला रेडिओ कुणीतरी बंद केलाय वाटतं.

मी बोलत राहणार आहे. ताई उठेपर्यंत.