धावपट्टीखालचा आजा

शिवांश, मोबाईल उलटा ठेव. करिश्मा, जवळ सरक, मागाहून भ्याले म्हणू नको. ही ऐकीव गोष्ट न्हाई, आमच्या सिद्धरामची हाय.

गावाबाहेरचं जुनं विमानतळ प्लॉटिंगला निघालं, अन् प्लॉट आखायला पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारायचं काम सिद्धरामला मिळालं. अंथरुणाला खिळलेला त्याचा बाप गुरुपादप्पा हे ऐकून रडला. म्हणला, "तुझा आजा त्या धावपट्टीखाली हाय रे, त्याला पुरल्यावर वर पट्टी झाली. आपल्या लिंगायतांत मयताला बसवून पुरत्यात, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या हातावर ठेवून. तो गेला त्या दिवशी त्याचं लिंग सापडलंच न्हाई. रिकाम्या हातानं बसवला. मशीन लागायच्या आधी शोध त्याला."

मार्गशीर्षातली अमावस्या, शुक्रवार. डांबर उखडून झालं होतं. सकाळी सहाला जेसीबी लागणार. दिवसा प्लॉटिंगचा मालक तिथून हलत नसे, म्हणून सिद्धराम रात्री पावणेबाराला गेला. बुजलेल्या विहिरीपासून उगवतीला चाळीस पावलं, ही बापानं सांगितलेली खूण. एकदा मोजली, ढिगाऱ्यात शिरला. परत मोजली, भलतीकडंच निघाला. जिवाला चैन न्हाई. तिसऱ्यांदा अडतिसाव्या पावलावर थांबला...

पुढं कोणीतरी बसलेलं. मांडी घालून.

त्याला वाटलं वॉचमन असंल. "मामा, उठा की. मोजायचंय."

"उठता येईना..."

"काय झालं?"

"लिंग हरवलंय माझं..."

आपल्यात लिंग हरवलं तर माणूस पाणीसुद्धा पीत न्हाई. सिद्धरामला दया आली. अन् तिथंच चुकला. जीव जाईतोवर जे अंगावेगळं करायचं न्हाई, ते देऊ केलं गड्यानं! म्हणला, "तुमचं सापडंपर्यंत माझं धरा."

डावा हात पुढं आला.

सिद्धराम लिंग बांधलेल्या गळ्यातल्या वस्त्राची गाठ सोडू लागला. सुटंना. मान वर केली...

कोणी न्हाई.

वस्त्र चाचपलं. चपटं.

तिथंच खुणेला फक्कीचा गोल ओढला अन् पळत सुटला तो थेट माझ्या दारात.

पहाटे पाचला आम्ही दोघांनी खणलं. कमरेइतकं खाली आजा होता. बसलेला. माती सत्तर वर्षांची, दगडासारखी घट्ट. डाव्या हाताच्या हाडांत लिंग. टवका उडालेलं. लहानपणी सिद्धरामच्याच हातून पडून उडालेला टवका तो, मी ओळखतो.

आजाला आम्ही मळ्यात नेऊन बसवला. लिंग काढून घ्यायची हिंमत दोघांचीबी झाली न्हाई. गुरुपादप्पा त्या रात्री गाढ झोपला. सिद्धरामला मात्र अजून झोप न्हाई.

वस्त्र गळ्यात तसंच हाय. त्या शुक्रवारी सकाळी पूजा करून त्यानं स्वतः मारलेली गाठ... अजून कोणी सोडलेली न्हाई.