तिरक्या पुलाची काच

“पूल शोधताय? त्याच्या डोक्यावरच उभ्या आहात.”

आवाज पायाखालून आला, तशी ती दचकून दोन पावलं मागे सरली. तासभर ती रुळाच्या कडेने भिरभिरत होती. हातातल्या नकाशात पूल होता, जागेवर मात्र नुसती झुडपं. तेवढ्यात झुडपं हलली आणि खालून एक लांबलचक माणूस वर आला. कपाळाला चुना, हातात थापी, आणि तोंडावर असं हसू की राग यावा आणि टिकू नये.

“रेल्वेचा पूल म्हणजे दिसायला नको का?” ती फणकारली.

“दिसतो की. फक्त खाली उतरावं लागतं.”

ती उतरली, आणि मान वर करून पुलाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली.

खालचा ओढा रुळांना तिरका कापून जात होता, म्हणून बांधणाऱ्यांनी कमानच तिरकी बांधली होती. साध्या कमानीत विटांच्या ओळी सरळ जातात. इथे त्या एका बाजूला पायाशी सुरू होऊन, डोक्यावरून वळत वळत, दुसऱ्या बाजूला उतरत होत्या. दोराला पीळ भरावा तशा. कडेची प्रत्येक वीट वेगळ्या कोनात तासलेली. शंभरेक वर्षं वरून गाड्या धडधडत होत्या आणि आत बसलेल्या एकालाही याचा पत्ता नव्हता.

“हे बघायला कुणी येतं?” तिने विचारलं.

“आज तुम्ही आलात. आता दोघं झालो.”

तो रेल्वेच्या या फाट्यावरच्या पाच जुन्या पुलांचा गवंडी होता. गवंड्याच्या ओळंब्याच्या दोरीसारखा ताठ चालायचा, म्हणून सगळे त्याला ओळंबा म्हणत. ती पूल विभागात नव्याने लागली होती. पुलांच्या भेगा मोजणं हे तिचं काम. त्याने पहिल्याच दिवशी तिचं बारसं केलं – मोजणीबाई.

भेग मोजायची रीत जुनी आणि सोपी. भेगेवर बोटाएवढी काचेची पट्टी आडवी बसवायची, दोन्ही टोकं सिमेंटने पक्की करायची आणि तारीख घालायची. भेग हलली, तर काच तुटते. काच शाबूत, तर पूल शाबूत. मग तीन महिन्यांनी एक फेरी पुरे. तुटली, तर नवी काच आणि दर आठवड्याला फेरी. नवी काच सलग चार आठवडे टिकली, की पुन्हा तीन महिने.

त्या दिवशी या पुलावर आधीच्या माणसाने लावलेल्या तिन्ही काचा शाबूत निघाल्या. तिने तसं लिहिलं, आणि लिहिताना तिला उगीचच वाईट वाटलं.

“म्हणजे आता तीन महिन्यांनी?” ओळंब्याने विचारलं.

“नियम आहे.”

“नियम कुणी केला हो? भेटला तर दोन शब्द बोलायचे होते त्याच्याशी…”

ती हसू दाबत चढण चढली. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस, हे शाळेतच शिकली होती. पण ते किती लांबलचक असतात, हे तिला आत्ता कळलं.

नव्वदाव्या दिवशी मधली काच तुटलेली होती.

ती जवळ गेली. भेगेने तुटलेली काच भेगेच्या रेषेत तुटते. या काचेवर मधोमध एक बारीक ठिपका होता आणि तिथून चारी बाजूंना तडे गेले होते. हातोडीचा टोला. शिकाऊ पोरीलाही कळावं इतकं उघड. तिने मागे वळून पाहिलं. ओळंबा ओढ्यातले गोटे मोजण्यात अगदी गढून गेला होता.

“तुटली वाटतं?” त्याने विचारलं. आवाज मात्र जरा जास्तच साधा.

“तुटली,” ती म्हणाली.

वहीत तिने एवढंच लिहिलं – ‘मधली काच तुटली.’ कशी, ते लिहिलं नाही. पुढच्या आठवड्यातल्या बुधवारावर मात्र आनंदाने खूण केली.

मग दर बुधवार त्यांचा झाला. काच बघायला दोन मिनिटं पुरत, आणि ती दुपारपर्यंत थांबे. तो तिला इतर पूल, बोगदेही दाखवायचा, कुणाच्या खिजगणतीत नसलेले. एका बोगद्याच्या तोंडावर कुणा पाथरवटाने दगडात कोरलेलं पान होतं. ते फक्त गाडी बंद पडली तरच दिसणार. एका पुलाच्या पोटात माणूस वाकून चालेल एवढी पाण्याची वाट होती. तिथे पावसाने गाठलं, तेव्हा दोघं खांद्याला खांदा लावून तासभर बसले. तिच्या बटेवरचं पाणी त्याच्या हातावर ठिबकत होतं… त्याने हात काढून घेतला नाही.

“तुम्ही इतक्या जवळून काय बघता हो विटांकडे?” तिने विचारलं.

“विटांकडे कुठे बघतोय?”

ती लाजली, आणि लगेच ओल्या भिंतीची लांबी मोजायला लागली.

तीन बुधवार काच टिकली. चौथ्या बुधवारी ती पुलाशी आली ती जीव मुठीत धरून. आज काच शाबूत असेल, तर पुन्हा नव्वद दिवस. पूल धड असावा असं वाटायचं सोडून तो मोडका निघावा म्हणून देवाला हात जोडणारी पुलाची बाई तीच पहिली असेल. काच तुटलेली होती. पुन्हा तोच ठिपका. तिने पुन्हा लिहिलं – ‘तुटली.’

दोनदा तुटलेल्या काचेची नोंद वहीत राहत नाही, ती वर साहेबांकडे जाते. हे तिला ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंही, पण त्या दिवसांत तिला बुधवार सोडून काही सुचत नव्हतं. पंधरा दिवसांनी तिच्या टेबलावर कागद आला. कमान हलते आहे, सबब ती पाडून लोखंडी तुळया टाकाव्यात. काम पुढच्या महिन्यात.

ती धावतच पुलाखाली गेली. ओळंब्याने कागद दोनदा वाचला.

“काच मी फोडली,” तो म्हणाला. “दोन्ही वेळा.”

“मला माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. हातोडीची खूण ओळखत नाही का मी?”

तो बघतच राहिला. “मग लिहिलं का नाही?”

“आणि तुम्ही का फोडलीत?”

दोघांनाही एकदम हसू फुटलं. मग वर लक्ष गेलं, त्या वळत गेलेल्या ओळींकडे, आणि हसू विझलं. हा पूल त्यांनी दोघांनी मिळून मारला होता, तोही प्रेमापोटी.

“उद्या दोघं जाऊ,” ती म्हणाली. “दहाला साहेब येतात. सगळं सांगून टाकू.”

“जाऊ,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याने तिचा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी ती दहाला पोचली, तर तो आधीच साहेबांसमोर उभा होता. टेबलावर त्याची चिठ्ठी होती. तो साडेनऊलाच येऊन बसला होता. चिठ्ठीत एकच माणूस होता – तो स्वतः.

साहेबांनी चष्मा काढला. “हा म्हणतो, काच यानेच हातोडीने फोडली. बाई, तुम्ही दोनदा तपासलीत. खूण दिसली नाही तुम्हाला?”

तिने ओळंब्याकडे पाहिलं. त्याने अगदी किंचित मान हलवली. नको.

तिच्या डोळ्यांपुढे घर आलं. विभागाच्याच दोन खोल्या. खिडकीपाशी खाट, खाटेवर अंथरुणाला खिळलेली आई. नोकरी गेली तर खोल्या गेल्या.

“नाही,” ती म्हणाली. “नाही दिसली.”

पूल वाचला. ओळंब्याला त्याच दिवशी कामावरून काढलं.

आवराआवर करायला तो शेवटचा पुलाखाली आला, तेव्हा ती आधीच येऊन उभी होती. रडून रडून डोळे सुजले होते.

“मी साहेबांना खरं सांगते. आत्ता जाते.”

“आता नको. तुमच्या जागी दुसरा येईल, तो रुळावरूनच बघून जाईल. पुलाला तुम्ही हव्या.” तो एकेक हत्यार पुसून पिशवीत भरत होता. “थोरल्या भावाकडे काम आहे. घरं बांधतो तो. लांब आहे, पण ठीक आहे.”

“मी येते. आईला घेऊन येते तुमच्याकडे. चालेल ना?”

तो हातातली थापी पुसत राहिला. त्या पुसण्याचंच तिला भय वाटलं.

“मान तुम्हीच हलवलीत!” ती एकदम ओरडली. “मी बोलणार होते. तुम्हीच नको म्हणालात…”

“हो, मीच हलवली.” त्याने थापी पिशवीत ठेवली. “तू वाचावीस म्हणूनच हलवली. तुझ्यावर राग नाही माझा, खरंच नाही.” इतक्या दिवसांत तो तिला पहिल्यांदाच ‘तू’ म्हणत होता. “पण खोटं कशाला बोलू… मला वाटलं होतं, तू माझं ऐकणार नाहीस.”

ओढ्याचं पाणी तेवढं वाजत होतं.

“रोज सकाळी तुझ्याकडे बघेन आणि ते ‘नाही’ आठवेल,” तो हळूच म्हणाला. “तुलाही आठवेल. ते घेऊन एका घरात कसं राहायचं, सांग.”

“मी घाबरले रे.”

“कळतंय मला.” त्याने तिच्या गालावरचं पाणी अंगठ्याने पुसलं. अंगठा चुन्याने खरबरीत झाला होता. “तुझ्या जागी मीही घाबरलो असतो.”

साडेनऊलाच चिठ्ठी घेऊन गेलेला माणूस हे म्हणत होता. तिच्यासाठी एवढं एक खोटं बोलून त्याने पिशवी खांद्याला लावली आणि तो चढण चढू लागला. ती खाली तशीच उभी राहिली.