खांद्याचं खोटं दुखणं

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा गळ त्याच्या टोपीत अडकला होता.

चूक माझी नव्हती... म्हणजे, माझ्या खांद्याची होती. रविवारची सकाळ, तलावाचा बांध, आणि माझ्या दोन बाजूंना बाबांचे दोन जुने दोस्त. टपालकाका पोस्टातून निवृत्त झालेले. पाववाल्या काकांची बेकरी अजून जोरात. बाबा होते तेव्हा हे तिघे दर रविवारी इथे मासे धरायला बसायचे. बाबा गेल्यावर त्यांची गळाची काठी घेऊन मी यायला लागले. मासे फारसे मिळायचे नाहीत, पण दोघे काका एकमेकांना इतकं छळायचे, की तेवढ्या हसण्यावर माझा आठवडा निघायचा.

त्या दिवशी मी काठी मागे नेली, दोरा फेकला, आणि खांद्यात काहीतरी ‘कट्’ झालं. काठी भलतीकडेच वळली. गळ पाण्यात पडायच्या ऐवजी शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या टोपीत रुतला, आणि मी मटकन खाली बसले.

तो टोपी हातात धरून आला. उंच, जरासा वाकलेला, कानामागे पिकलेले चार केस.

“बाई, मी सोडून द्यायच्या आकाराचा आहे,” तो म्हणाला. “परत पाण्यात टाका.”

मला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणीही आलं. ते त्याने बरोबर टिपलं. टोपी तशीच टाकून तो माझ्याजवळ गुडघ्यांवर बसला. “हात हलवू नका. अजिबात नाही.” गळ्यातला मफलर काढून त्याने माझ्या हाताला झोळी बांधली — इतक्या सराईतपणे, की मी दुखणं विसरून त्याच्या बोटांकडेच बघत राहिले.

“डॉक्टर का हो तुम्ही?”

“छे. चष्म्यांचं दुकान आहे माझं.”

“आणि एवढा मोठा गळ येताना दिसला नाही?” पाववाले काका मागून म्हणाले. तेव्हापासून त्याचं नाव चष्मेवाला पडलं.

माझं पुस्तकबांधणीचं छोटं दुकान आहे. खाली काम, वर दोन खोल्या. रजिस्टरं, शाळांचे कॅटलॉग, लोकांनी जपलेली जुनी पुस्तकं. दिवसभर पुठ्ठे कापायचे, छापील पानांचे फर्मे शिवायचे आणि प्रेसचा दांडा खाली ओढायचा. अकरा वर्षं तो दांडा ओढून ओढून खांद्यातली कंडरा झिजली होती, आणि त्या रविवारी ती फाटली. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून सांगितलं, “ऑपरेशन नाही केलं तर हात वर जाणार नाही. केलं तर जाईल... बहुतेक.” तो ‘बहुतेक’ मी घरी आणला आणि त्याच्याशेजारी बसून खूप रडले.

पुढच्या रविवारी हात बांधून बांधावर गेले. दोघा काकांनी मला खुर्ची आणली होती.

“माझ्या मेहुण्याचा हाच खांदा केला,” टपालकाका म्हणाले. “आता इतका छान फिरतो, की बायको त्याच्याकडून घरातले सगळे पंखे पुसून घेते.”

“आणि आधी?”

“आधी दुखतोय म्हणून सुटायचा बिचारा.”

“नीट विचार कर पोरी,” पाववाले काका म्हणाले. “बरं झाल्याचे तोटेही असतात.”

चष्मेवाला हसला नाही. आपल्या गळाला आमिष लावता लावता हळूच म्हणाला, “भीती वाटते?”

“नाही.”

“बाइंडरबाई, मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघतो...”

“मग काय दिसतंय?”

त्याने बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मी पाण्याकडे नजर वळवली. “भीती दिसतेय,” तो म्हणाला. “आणि... बाकीचं पुढच्या तपासणीला सांगेन.”

ऑपरेशनच्या सकाळी तिघेही हजर. डॉक्टर उजव्या खांद्यावर पेनाने बाण काढून गेले, तशी पाववाल्या काकांनी माझ्या डाव्या बाहीला टाचणीने कागद लावला — ‘इकडचा चांगला आहे, हात लावू नये.’ नर्स हसून हसून लाल झाली. चष्मेवाल्याने मात्र पलंगासमोरच्या भिंतीवर एक तक्ता चिकटवला. दुकानात असतो तसा, वर मोठी अक्षरं आणि खाली बारीक बारीक होत जाणारी. 

“वाचा,” तो म्हणाला.

“घा... बरू... नका... सगळं... ठीक होईल...” शेवटची ओळ मुंगीएवढी होती. “ही दिसत नाही.”

“जवळ जाऊन वाचा. मला बघवत नाही.” आणि तो चक्क खोलीबाहेर गेला.

मी उठले, भिंतीला नाक लावलं. ‘मी बाहेरच बसलोय. तू उठेपर्यंत.’

तू! त्याने मला पहिल्यांदा ‘तू’ म्हटलं ते असं, भिंतीवर. मी ऑपरेशनला गेले ती हसत गेले. भूल उतरताना मी म्हणे सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारलं, “माझा चष्मेवाला कुठाय?” टपालकाकांनी ही बातमी निवृत्तीनंतरही घरोघर पोचवली.

सहा आठवडे हात पोटाशी बांधलेला. आई दादाकडे राहते. ती आठ दिवस आली आणि वहिनीचे दिवस भरले म्हणून परत गेली. मग तो यायला लागला. संध्याकाळी दुकान बंद करून सरळ माझ्याकडे. सूप गरम करायचा, भांडी घासायचा, औषधांच्या वेळा दाराला लावून ठेवायचा. एकदा मी एका हाताने केसांशी झटापट करताना त्याला दिसले.

“दे इकडे,” तो म्हणाला.

“वेणी घालता येते?”

“गळाच्या सात गाठी येतात. ही आठवी.”

मी स्टुलावर बसले. तो मागे उभा. कंगवा इतका हळू फिरत होता, की मला बाहेरून जाणाऱ्या सायकलीची साखळी ऐकू येत होती. वेणी वाकडी झाली. मी ती झोपतानाही सोडली नाही.

“कुणाची घालायचास?” मी विचारलं. मला वाटलं, बहिणीची म्हणेल.

“बायकोची. चार वर्षं अंथरुणात होती ती.” रबर बांधायला त्याला बराच वेळ लागला. “तीन वर्षं झाली जाऊन.”

म्हणजे ते सराईत हात तिथे शिकले होते. मला वाईट वाटलं, आणि — खरं सांगते — आनंदही झाला. एवढ्या मायेचा माणूस! माझ्या नशिबात नेमका माझाच गळ लागून आलेला!

पट्टा सुटला. व्यायाम सुरू झाले. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. आज कुठवर गेला तिथे तो पेन्सिलने रेघ मारायचा. रेघा चढत होत्या. पण एक गोष्ट मला उशिरा कळली. रेघ जितकी वर जाई, तितका तो गप्प होई. मी शर्टाची बटणं स्वतः लावली त्या दिवशी तो लवकर गेला. वेणी स्वतः घातली, तेव्हा तो कंगवा हातात घेऊन उभाच राहिला. “मग... मी काय करू?” म्हणाला आणि हसला. पुढचे दोन दिवस आला नाही.

चौथ्या महिन्यात एका दुपारी, दुकानात कुणी नसताना, मी सहज वरच्या फळीवरचा पुठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. उजव्या हाताने! काढून झाल्यावर कळलं की आपण काय केलं. आनंदाने किंचाळावंसं वाटलं. आधी त्यालाच सांगायचं ठरवलं.

संध्याकाळी तो दारात आला. “कसा आहे खांदा?”

“दुखतोय,” मी म्हणाले.

तोंडातून कसं निघालं कोण जाणे. पण त्याचा चेहरा... उजळला. हो, उजळलाच. लगबगीने त्याने पाणी तापायला ठेवलं, शेकायची पिशवी शोधली, उशी रचली. त्या संध्याकाळी तो खूप बोलला. खूप हसवलं त्याने मला.

पंधरा दिवस माझा खांदा असा दुखत राहिला. दिवसा मी प्रेसचा दांडा ओढून बघायची — पूर्ण नाही, पण अर्धा यायचा — आणि संध्याकाळी भिंतीवर मुद्दाम बोटं रेघेच्या खाली थांबवायची. तो म्हणायचा, “घाई नाही. मी आहे ना.” आणि मला ते इतकं गोड लागायचं, आणि इतकं कडू.

पकडलं टपालकाकांनी. वही बांधून घ्यायला आले, तेव्हा मी स्टुलावर चढून दिवा बदलत होते. उजव्या हाताने.

ते मी खाली उतरेपर्यंत थांबले. मग म्हणाले, “त्या चष्मेवाल्याला काल विचारलं, कशी आहे पोर. म्हणाला, अजून फार त्रास आहे तिला.”

मी मान खाली घातली.

“तुझे बाबा दुखणं लपवायचे, म्हणून मी त्यांच्यावर चिडायचो,” काका म्हणाले. “बरं होणं लपवणारं माणूस पहिल्यांदाच बघतोय. त्याला सांग, पोरी. आणि नसेल सांगता येत, तर का येत नाही ते स्वतःला विचार.”

त्याच संध्याकाळी मी सांगितलं. तो पिशवीत गरम पाणी भरत होता. मी उठले, उजवा हात सरळ वर नेला, फळीवरचा खळीचा डबा काढला आणि टेबलावर त्याच्यासमोर ठेवला. 

पाणी त्याच्या हातावर सांडलं. “कधीपासून?”

“पंधरा दिवस.”

“मग... का?”

“तू येत राहावास म्हणून.”

मला वाटलं तो रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं. तो स्टुलावर बसला आणि बराच वेळ ओला हात पुसत राहिला.

“तुझ्यावर प्रेम आहे माझं,” तो म्हणाला. किती दिवस वाट बघत होते मी या वाक्याची! आणि ते असं आलं, पडक्या आवाजात, जणू गुन्हा कबूल करतोय. “त्यात खोटं काही नाही. पण तुला बरं होताना बघितलं की मला भीतीच वाटते. लाज वाटते सांगायला... ती गेल्यावर तीन वर्षं मला धड झोप नव्हती. तुझा हात बांधला त्या दिवशी लागली.”

“मग आता तुझी सेवा मी करते. सूप मी करते. तू नुसता बसून राहा.”

“तेच येत नाही मला.” तो कसनुसा हसला. “काही करायला नसलं की मी नुसता माणूस उरतो गं. त्याच्याकडे कुणी कशाला बघावं, मला कळत नाही.”

“मी बघतेय. चार महिने तेच करतेय!”

तो पिशवीचं झाकण घट्ट करत राहिला.

“मग काय करू? जन्मभर आजारी राहू?” मी ओरडलेच.

आणि त्याने लगेच ‘नाही’ म्हटलं नाही. एक क्षण — एकच — तो विचारात पडला. मग दचकला, घाईघाईने “नाही, नाही गं, काहीतरीच काय” म्हणाला. पण तो क्षण आम्हा दोघांनाही दिसला होता. त्याने पिशवी रिकामी केली, उलटी टांगली, आणि गेला. दार हळू लावलं, जसं आजाऱ्याच्या खोलीचं लावतात.

तलावावर तो पुन्हा आला नाही. रविवारीही दुकान उघडं ठेवतो, असं कुणीतरी सांगितलं. मी मात्र जात राहिले. दोरा आता पूर्वीसारखा लांब जात नाही. काका दोघेही त्याचं नाव काढत नाहीत; माझ्यासमोर एकमेकांना जरा जास्तच छळतात, ते मला कळतं.

मग पाववाल्या काकांचा गुडघा बदलायचं ठरलं. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी भेटायला गेले, तर कॉरिडॉरमध्ये समोरून तो येत होता. एका हातात थर्मास, दुसऱ्या काखेत उशी, खिशात औषधांची चिठ्ठी. शर्ट चुरगळलेला. आणि चेहरा असा टवटवीत, की मला त्याच्याकडे बघवेना.

तो थबकला. “तू...”

“काकांना बघायला आले.”

“रात्री त्रास झाला त्यांना. आता बरे आहेत. सूप घेतलं थोडं.” आम्ही उभे राहिलो. माणसं आमच्या मधून जात-येत होती. त्याची नजर माझ्या उजव्या खांद्यावर गेली, तिथेच राहिली. आणि मग अगदी हळू, अगदी मऊ आवाजात त्याने विचारलं, “कशी आहेस?”

थंडीत खांदा अजून ठणकतो. त्या दिवशीही ठणकत होता. खोटं बोलायची गरजच नव्हती. नुसतं खरं सांगितलं असतं, तरी तो संध्याकाळी माझ्या दारात उभा राहिला असता.

“बरी आहे,” मी म्हणाले.

त्याने मान हलवली. आतून पाववाल्या काकांनी हाक मारली, “अहो चष्मेवाले, उशी!” — आणि “आलो, आलो!” म्हणत तो जवळजवळ धावतच गेला.