पुस्तकगाडीची नजर

रस्ता सरळ होता. वारा नव्हता, चाकंही ठीक होती. मग आमची पुस्तकगाडी सापासारखी वळवळत का चालली होती?

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. बाबा आजऱ्याच्या आसपासच्या गावांत फिरतं वाचनालय चालवत. विजेवर चालणारी एक जुनी व्हॅन, तीच आमची पुस्तकगाडी. बाबांची दृष्टी अधू होत चालली होती. त्यांना पुन्हा परवाना मिळणार नव्हता. म्हणून त्यांनी गाडीलाच चालवायला शिकवायचं ठरवलं. स्टिअरिंगला एक मोटर बसवली, ब्रेकला दुसरी, टपावर कॅमेरे. या सगळ्यांना हुकूम देणारी नियंत्रण-प्रणाली (संगणकातल्या सूचनांचा संच) ते स्वतः लिहीत. अक्षरं इतकी मोठी करून, की पडद्यावर जेमतेम चार ओळी मावत.

रविवारी परिवहन खात्याच्या तेलवेकर मॅडम चाचणी घ्यायला येणार होत्या. गाडी नापास झाली, तर वाचनालय बंद. आम्ही एका बंद गिरणीच्या आवारात सराव करत होतो.

"झिंगलीय का ही?" मी विचारलं.

"चांगल्या घरातली आहे ती," बाबा म्हणाले. "पडद्यावर बघ. काय दिसतं?"

रस्त्याच्या मधोमध एक लाल ठिपका होता.

"तो लक्ष्यबिंदू (गाडीने जिथे पोचायचं ती जागा). गाडी पुढे गेली की तोही पुढे सरकतो. ती सतत त्याच्याकडे तोंड वळवत असते."

गाडी जरा डावीकडे सरकली. स्टिअरिंग झटकन उजवीकडे फिरलं, गरजेपेक्षा जास्त. मग पुन्हा डावीकडे. ठिपका अगदी तिच्या नाकासमोर होता.

"बाबा, ही खाली बघून चालवतेय! मी सायकल शिकताना चाकाकडे बघायचे, तशी."

"आणि मी मागून काय ओरडायचो?"

"लांब बघ म्हणून. सगळी गल्ली गोळा व्हायची."

बाबा हसले. "ठिपका जवळ असला की जराशी चूकसुद्धा मोठ्या कोनात दिसते. गाडी चाकं जोरात वळवते आणि पलीकडे जाते. ठिपका लांब असेल, तर तेवढ्याच चुकीचा कोन लहान. थोडं वळलं तरी भागतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला जेवढं लांब दिसतं, ऋजू, तेवढंच मी तिला बघायला लावलं. तिचे डोळे चांगले आहेत, हे ध्यानातच आलं नाही."

आम्ही ठिपका लांब नेला. गाडी सुतासारखी सरळ धावली. पण वळण आलं आणि ती थेट गवतात घुसली. बाबांनी थांबवायचं लाल बटण दाबलं.

"आता काय झालं हिला?"

"तूच सांग."

मी पडद्याकडे बघत बसले. ठिपका वळणाच्या पलीकडे होता. मधला रस्ता सोडून गाडीने त्याच्याकडे आडवी धाव घेतली होती.

"वळणावर जवळ बघायला हवं!"

"आणि वळणावर आपण वेगही कमी करतो. मग नजर वेगालाच बांधून टाकू. सावकाश जाताना जवळ, जोरात जाताना लांब."

बाबा सांगत गेले, मी टंकत गेले.

रविवारी मॅडमनी गाडीला सगळं आवार फिरवून आणलं, मग अचानक रस्त्यात एक खुर्ची ठेवली. गाडी थांबली.

"ब्रेक जरा हळू दाबायला शिकवा," त्या म्हणाल्या. "बाकी आमच्या भाऊजींपेक्षा बरी चालवते."

आता अशा गाड्या सगळीकडे दिसतात. आमचीही अजून गावोगाव जाते. तिची नजर पुढे कितीतरी जणांनी सुधारली, अजून सुधारताहेत. बाबा मात्र आता तिच्यात नसतात. पण चाचणीनंतरच्या त्या पहिल्या फेरीला ते होते. आयुष्यात पहिल्यांदाच मागे, माझ्याशेजारी, हात मांडीवर ठेवून.

"बाहेर काय काय दिसतं, सांग," ते म्हणाले.

"काजूची झाडं. त्यांच्यामागे शाळा. पोरं फाटकाशी उभी आहेत, बाबा. आपल्याला बघून धावत सुटली!"

"किती आहेत?"

"थांबा," मी म्हटलं, "अजून येताहेत."